काढायचं की झाकायचं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दत्तात्रय कदम यांनी आपली पांढरी मोटार मनमाड रस्त्यावरच्या, गाड्यांचा रंग चकचकीत करून देणाऱ्या डिटेलिंगच्या दुकानात नेली आणि काहीही न करता परत आणली. त्याआधी दोनदा असेच झाले होते. त्याच आठवड्यात पत्नी शकुंतलाबाई यांच्या गळ्यातल्या गाठीबद्दल डॉक्टरांना उत्तर द्यायचे होते. तेही त्यांच्याकडून दिले गेले नाही.

कदम यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे देवळाली प्रवराचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर सावेडीत आमच्या समोरच्या घरात राहायला आले. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, घरात दोघेच. पाइप कापायच्या आधी अण्णा पुन्हा पुन्हा माप घेत, आणि ही सवय त्यांनी वर्कशॉपबाहेरही सोडली नाही. कोणतेही काम निघाले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "ह्ये परत येतं का?"

गेटजवळचा शेवगा तारांना लागत होता, म्हणून वीज मंडळाचे लोक फांदी तोडायला आले. अण्णांनी त्यांना हाच प्रश्न विचारला. शेवगा फुटतो, असे त्यांनी सांगितले, तेव्हा अण्णांनी तोडू दिले. स्वयंपाकघरातली फरशी बदलताना गवंड्याने जुनी फरशी निघताना तुटेल असे सांगितले, आणि काम अर्ध्यावर थांबले. ते स्वयंपाकघर शेवटपर्यंत दोन रंगांचे राहिले. मोबाईलवर अपडेटची सूचना आली की ते रस्ता ओलांडून आमच्याकडे येत आणि फोन पुढे धरत. "दाबल्यावर जुनं परत येतं का? तुमी पेपरवाले, तुमाला म्हाईत असतं."

"लग्नाच्या टायमाला तेवढं इचारायचं राहिलं त्यांचं," शकुंतलाबाई म्हणत.

मोटार दसऱ्याला घेतली. शकुंतलाबाईंनी पूजा केली आणि कुंकू कालवून बोटाने बोनेटवर स्वस्तिक काढले. कुंकू बाजारातले, रंगाचे होते. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी धुवून टाकायला सांगितले. पूजेचे आहे, आपसूक जाईल, असे अण्णांचे म्हणणे पडले. गाडी उघड्यावर उभी असे. ऑक्टोबरचे ऊन त्यावर महिनाभर पडले. नंतर गाडी धुतली तेव्हा कुंकू गेले, पण गुलाबी स्वस्तिक गाडीच्या रंगात उतरले होते. ते आमच्या गॅलरीतून स्पष्ट दिसे.

डिटेलिंगच्या दुकानाचा मालक समीर हा तरुण होता आणि बोलायला मोकळा होता. त्याने अण्णांना दोन वाटा सांगितल्या. एक, मशीनने घासून वरचा पातळ थर काढायचा. डाग बराच जाईल, पण तेवढा थर कायमचा जाईल. दुसरी, न घासता वरून कोटिंग करायचे. मग ऊन, बोअरचे पाणी, पक्ष्यांची घाण यांपासून रंग वाचेल, पण डाग कोटिंगच्या आत राहील. लोक सहसा आधी घासतात आणि मग कोटिंग करतात, असेही त्याने सांगितले. अण्णांनी दोन्हींबद्दल आपला प्रश्न विचारला. समीरने दोन्हींबद्दल नाही म्हटले. अण्णा गाडी घेऊन घरी आले.

शकुंतलाबाईंना डागाचे काही वाटत नव्हते. मी काढलेय, मी सांगतेय, घासून टाका, असे त्या म्हणत. अण्णांचे मन होत नव्हते. पूजेचे असे मशीन लावून काढणे त्यांना पटत नव्हते, आणि गुलाबी डागाची गाडी पाहुण्यांपुढे नेणेही पटत नव्हते.

जानेवारीत शकुंतलाबाईंच्या गळ्यात गाठ हाताला लागली. सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तपासणी. रिपोर्टमध्ये 'संशयास्पद' असा शब्द होता. डॉक्टरांनीही दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढायची, मग जन्मभर गोळी घ्यायची, आणि आवाज बसण्याचा थोडा धोका. किंवा काही महिने नजर ठेवून पुन्हा तपासायचे. माझ्या घरातल्या कुणाला अशी गाठ असती तर काढून घेतली असती, असे डॉक्टर म्हणाले. अण्णांनी विचार करून सांगतो म्हटले.

"आवाज गेला तर ह्यांचंच भलं," असे शकुंतलाबाई अण्णांबरोबर आमच्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या. अण्णा हसले नाहीत. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे उशिरापर्यंत बसले आणि फक्त कोटिंगबद्दल बोलले. कोटिंग किती वर्षे टिकते, त्याखाली गंज धरला तर दिसतो का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. चहा त्यांच्यासमोर गार झाला. ते अलीकडे झोपत नाहीत, पहाटे उठून गाडीभोवती फिरतात, हे शकुंतलाबाईंनी आधीच सांगितले होते. फिरताना ते गाडीला हात लावत नसत. नुसते बघत.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी मला बरोबर नेले. समीरने रंगाची जाडी मोजायचे यंत्र बोनेटवर टेकवले. मध्ये रंग पुरेसा होता, कडेला कमी. अण्णा वाकून आकडा बघत होते. 

"आणि न्हाई काढला तर?" त्यांनी विचारले. "वाढतो का?"

समीर हसला. "डाग वाढत नसतो, अण्णा. आहे तेवढाच राहतो."

 अण्णांनी गाडीची किल्ली खिशात घातली, परत काढली आणि ते गाडीत बसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई एकट्या रिक्षाने दवाखान्यात गेल्या आणि ऑपरेशनला होकार देऊन आल्या. घरी आल्यावर काय झाले, ते त्यांनीच पुढे आम्हाला सांगितले. अण्णा पायरीवर बसले होते. न विचारता कशी गेलीस, एवढेच ते म्हणाले.

"गाडीचा डाग किती खोल गेलाय, ते तुमी तीन डाव जाऊन बघितलं," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याला एकदा तरी हात लावून बघितला का?"

 

ऑपरेशन मार्चमध्ये झाले. नाशिकहून मुलगी आली होती. अण्णा दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. मुलीने दिलेला बिस्किटाचा पुडा त्यांनी न फोडता हातात धरून ठेवला होता. ग्रंथी पूर्ण काढली, गळा व्यवस्थित आहे, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले. काढलेला भाग तपासणीला गेला.

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत शकुंतलाबाईंचा आवाज कुजबुजण्याइतकाच निघे. अण्णा त्यांना सारखे काहीतरी विचारत, पाणी हवे का, उशी हवी का, आणि उत्तर ऐकायला वाकत. कशाला सारखे बोलायला लावता, असे मुलीने टोकले. "आवाज हाय का ते बघतो," ते म्हणाले.

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. तो ग्रंथीच्या बाहेर गेलेला नव्हता. रिपोर्ट समजावून सांगताना मी हजर होतो. डॉक्टरांचे बोलणे संपल्यावर अण्णांनी विचारले, "ह्ये परत येतं का?"

सहसा येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. अण्णांनी 'सहसा' म्हणजे किती, असे विचारले. डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही. वेळच्या वेळी तपासत राहावे लागेल, असे सांगितले.

एप्रिलमध्ये अण्णांनी गाडी समीरकडे नेली आणि घासायला सांगितले. या वेळी त्यांनी काही विचारले नाही, असे समीर सांगतो. पॉलिशनंतर उजेड तिरका पडला की बोनेटवर पुसट खूण दिसत होती. आणखी घासले तर वरचा थर जाऊन आतला रंग उघडा पडेल, असे समीरने कळवले. आहे तसे कोटिंग करा, असे अण्णा फोनवर म्हणाले.

दिवाळीनंतर सावेडीतले घर भाड्याने देऊन दोघे देवळाली प्रवराला राहायला गेले. शकुंतलाबाईंची बहीण तिथे आहे. निघताना अण्णा भाडेकरूला पाण्याचे कॉक दाखवत होते आणि शकुंतलाबाई गाडीत बसून त्यांना हाका मारत होत्या. आवाज घोगरा होता, पण आमच्या गॅलरीपर्यंत येत होता.

गेल्या महिन्यात शकुंतलाबाईंची तपासणी झाली. रिपोर्ट स्वच्छ आहे. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.