कोयनेचं पाणी आणि माझं उजवं फुफ्फुस

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि माझ्या उजव्या फुफ्फुसातली लिंबाएवढी पोकळी दाखवली. तिच्या तळाशी आडवी रेघ होती, तांब्यात पाणी असावं तशी सपाट.

"लंग ॲब्सेस," ते म्हणाले. "फुफ्फुसात गळू झालंय. या रेघेखाली पू साठलाय."

मला तो पू वाटेचना. कोयना अजून आत साठून राहिली आहे, असंच वाटलं. माझी बायको तारा शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हंजी टीबी न्हाई नव्हं?"

"नाही. थुंकी तपासलीय."

तारानं पदर डोळ्याला लावला. गावात टीबीची कुजबुज कधीच सुरू झाली होती आणि माझी ताट-वाटी वेगळी पडली होती.

हे सत्तरच्या दशकातलं. मी फौजेत, इंजिनिअर तुकडीत होतो. तिथंच मी कयाक चालवायला शिकलो. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद बोट. पाय पुढं पसरून बसायचं आणि कमरेचा रबरी पडदा बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे आत पाणी येत नाही. हातात दोन पात्यांचं वल्हं. बोट उलटली तर वल्ह्याच्या फटक्यानं सरळ व्हायचं. तेही जमलं नाही तर पाण्याखालून बोटीला थापा मारायच्या, की सोबती धावून येतो.

माझा सोबती युसूफ. आमच्याच तुकडीतला, सांगलीचा, घरचा धंदा सुतारकामाचा. त्याच्या भावाच्या शेडमध्ये आम्ही सुट्टीत फायबरच्या दोन बोटी तयार केल्या. पाण्यावर तरंगायच्या जाकिटात काटेसावरीचा कापूस भरला. पाऊस ओसरताना पाटणच्या वरच्या अंगाला, माझ्या गावाजवळ, आम्ही त्या कोयनेत सोडल्या. सांगलीपर्यंत जायचं ठरलं होतं.

सुरुवातीचा उतार मजेत गेला. काठावरची माणसं ओरडत होती. दुसऱ्या उतारावर पाणी दोन खडकांमधून खाली पडत होतं. माझ्या बोटीचं नाक तिथं अडकलं, बोट आडवी फिरली आणि उलटली. वल्हं हातातून गेलं. पाण्याच्या दाबानं पडदा सुटेना. मी थापा मारल्या. नदीच्या आवाजात त्या मलाच ऐकू येत नव्हत्या. शेवटी छातीनं आपणहून श्वास घेतला आणि आत पाणी आलं.

युसूफनं मला कसं ओढलं ते मला आठवत नाही. काठावर मी वाळू ओकत होतो आणि तो माझ्या पाठीवर रडत होता, एवढंच आठवतं.

संध्याकाळी जेवलो. बरं वाटलं. ज्यांच्यावर असा बुडून वाचायचा प्रसंग येईल त्यांना सांगतो, त्या बरं वाटण्यावर विसंबू नका. आधी बारीक कणकण आली, मग खोकला, मग उजव्या कुशीवर झोपता येईना. गावाकडच्या डॉक्टरांनी सर्दीतापाच्या गोळ्या दिल्या. तेवढ्यानं काही झालं नाही. एका सकाळी खोकल्याबरोबर तोंडात असली घाण आली, की मीच स्वतःपासून तोंड फिरवलं. ताराचा भाऊ मला एसटीनं सांगलीला घेऊन आला.

पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. कुल्ले दगडासारखे झाले. पण खरा उपचार निराळाच होता. "पोश्चरल ड्रेनेज," डॉक्टर म्हणाले. "कॉटवर पालथं पडायचं, कमरेपासून वरचं अंग खाली सोडायचं आणि पाठीवर थापट्या घ्यायच्या. पू स्वतःच्या वजनानं बाहेर येतो."

"आणि न्हाई आला तर?" तारानं विचारलं.

"मग ऑपरेशन. फुफ्फुसाचा तेवढा भाग काढावा लागेल."

सिस्टरनी मला कॉटच्या कडेवर घेतलं. डोकं खाली गेलं, चेहऱ्यात रक्त उतरलं, आणि पाठीवर पहिली थाप पडली.

मी पुन्हा बोटीत होतो. उलटा. फरशीचा राखाडी रंग हलायला लागला. कमरेला पडदा आवळला. मी इतका ओरडलो, की वॉर्डातली माणसं उठून बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी कॉटच्या लोखंडी दांडीला मिठी मारून बसलो. फौजेतला माणूस, आणि सिस्टरची चाहूल लागली की चादर डोक्यावर ओढून घ्यायचो. ताप उतरेना. नव्या एक्स-रेत रेघ वर सरकलेली होती, म्हणजे पू वाढला होता. डॉक्टर रागावले नाहीत. "मला आठवडाभर थांबता येईल," एवढंच म्हणाले.

तारानं भावाला युसूफकडे पाठवलं. युसूफ रजा वाढवून सांगलीतच थांबला होता, पण माझ्यासमोर यायला धजत नव्हता. आला तो दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"मला अजून तुज्या थापा ऐकू येत्यात गड्या," तो म्हणाला. "जेवताना, नमाजाला बसलो की. वाटतं, तू अजून खालीच हाईस."

म्हणजे थापा ऐकू गेल्या होत्या. मला ते तोवर माहीत नव्हतं.

मी त्याला उपचाराचं सांगितलं. तो कॉटच्या कडेखाली फरशीवर उताणा पडला. "आता सोड डोकं. खाली पानी न्हाई, मी हाय."

मी डोकं सोडलं. त्याचं तोंड माझ्या तोंडाखाली, वीतभर अंतरावर. तारा पाठीवर थापट्या मारू लागली. फरशी हलायला लागली की तो म्हणायचा, "माझ्याकडं बघ रं." मी बघायचो. त्याच्या डोळ्यांतही भीतीच होती, पण ती माणसाची होती. मला खोकल्याची उबळ आली. त्यानं तोंड बाजूला घेतलं आणि पातेलं पुढं सरकवलं. त्या दुर्गंधीत तो पातेलं धरून बसला आणि म्हणाला, "येऊ दे, लय साठलंय."

रजा संपेपर्यंत तो रोज आला. तो गेल्यावर मी एकट्यानं डोकं सोडायला शिकलो. ताप उतरला. ऑपरेशन टळलं. शेवटच्या एक्स-रेत पोकळीच्या जागी फक्त एक सुरकुती उरली होती.

फौजेनं मला स्टोअरमध्ये बसवलं. युसूफ पुढं डोंगरातल्या नद्यांवर गेला. मी पुन्हा बोटीत बसलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण दवाखान्यातून बरा होऊन आलेला माणूस सगळाच बरा होऊन येतो असं नाही, हे त्याच्या घरच्यांनी ओळखावं, म्हणून हे लिहिलं.

घरी पहिल्या अंघोळीला तारानं माझ्या डोक्यावर तांब्या ओतला आणि मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी फुटली. तिनं काचा वेचल्या, पुन्हा तांब्या भरला आणि थांबली.

"आवं, वतू का?"

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. डोक्यावरून पाणी घ्यायचं असलं की ती अजून विचारते, आणि मी हो म्हणेपर्यंत तांब्या तसाच धरून उभी राहते.