कडूबा कासार आणि फौजी काडतुसं

धामणगाव बढ्याच्या पेठेत कडूबा कासाराचा ओटा होता. ओट्यावर एक सतरंजी, तिच्यावर बांगड्यांच्या माळा, आणि मागे भिंतीला टेकून विकायची पितळी भांडी. गावातली बाई समोरून आली तर कडूबा तिचा चेहरा एखाद्या वेळी विसरायचा, मनगट मात्र कधी विसरला नाही. कोणाच्या हाताला कोणतं माप बसेल हे तो लांबून सांगायचा. "माया हातून बाईच्या हातावर काच फुटला नाई," हे त्याचं बोलणं गावाला पाठ झालं होतं, कारण तो ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

गावातल्या हिंमतरावांच्या घरी दर भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या. त्यांच्या पितळी हातांत पहिल्या हिरव्या बांगड्या भरायचा मान कडूबाच्या घराचा. त्याच्या आज्यानं भरल्या, बापानं भरल्या, आता तो भरत होता. त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून पेठेतून असा चालायचा, की जणू महालक्ष्म्यांनी त्यालाच बोलावणं पाठवलं आहे.

पाकिस्तानच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या वर्षी या मानावर गदा आली, आणि ती आली रानडुकरांच्या पायी.

हिंमतरावांचं जंगलाच्या कडेचं वावर त्या साली हायब्रीड ज्वारीनं भरलं होतं. कणसं दुधात आली आणि डुकरांचा कळप भल्या सकाळीच पंगतीला बसल्यासारखा वावरात बसू लागला. हिंमतरावांकडे परवान्याची बाराबोर बंदूक होती, पण लढाईपासून दुकानात नवी काडतुसं मिळेनाशी झाली होती. दारू आणि काडतुसाच्या बुडाला बसवायच्या, चापाच्या ठोक्यानं पेटणाऱ्या टोप्या तेवढ्या परवान्यावर मिळायच्या. तेव्हा त्यांच्या मेहुण्यानं, पलटणीतून पेन्शनवर आलेल्या उत्तमरावानं, लष्कराच्या लिलावातून तीस रिकामी पितळी काडतुसं आणून दिली. ती एकदा उडालेली होती; जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू-छर्रा भरायचा, की पुन्हा तयार.

पण नवी टोपी बसेना.

हिंमतराव पिशवी घेऊन कडूबाच्या ओट्यावर आले. "कडूबा, पितळ तुया हातचं. ह्या फौजी काडतुसाच्या बुडाले टोपीचं घर आहे. जुन्या टोप्या मी काढल्या. नवी आत जाऊन नाई राह्यली. ठोकावं तं हातात फुटीन."

कडूबानं एक काडतूस उचललं, बुडाच्या खळग्यात करंगळीचं नख फिरवलं, आणि बाईचा हात पाहून सांगावं तसं सांगितलं, "माप लहान आहे. एक नंबर मोठं करून देतो."

"होईन ना?"

"हिंमतभाऊ, कासाराले माप इचारता?"

आतून त्याची बायको गोजरबाई म्हणाली, "आधी एकच करून पाहा."

"तू पोळ्या पाह्य," कडूबा म्हणाला.

त्यानं गोल कानस घेतली आणि दुपारभर बसून सहा काडतुसांची घरं आतून घासून रुंद केली. नवी टोपी आता अशी आत जायची, की सैल बांगडीच जणू. कडूबानं ती सहाही काडतुसं फडक्यात बांधून मोठ्या दिमाखानं हिंमतरावांच्या घरी पोचवली. हिंमतरावांनी त्यांत टोप्या, दारू, छर्रे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावराच्या धुऱ्यावर दहा-बारा माणसं तमाशा पाहायला जमली. कळप वावरात होता. हिंमतरावांनी बंदूक मधून मोडून उघडली, काडतूस घातलं, आणि टोपी घरंगळून त्यांच्या पायाशी पडली. दुसऱ्या काडतुसाची टोपी आत राहिली, पण हलत होती. चाप ओढला. बंदूक फक्त टुक म्हणाली. कळपातल्या दांडग्या डुकरानं मान वर करून हिंमतरावांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

"डुक्कर म्हने, जेवू द्या ना भाऊ," कोणीतरी म्हणालं. ते वाक्य माणसांच्या आधी गावात पोचलं.

संध्याकाळी हिंमतरावांची आई मनकर्णाबाई स्वतः ओट्यावर आली. सत्तरीची, काठीसारखी ताठ. बसली नाही.

"कडूबा, ज्याच्या हातानं माया ल्योकाचं हसू झालं, त्याच्या हाताच्या बांगड्या माया महालक्ष्म्यांनी काऊन भराव्या?"

"मायबाई, चूक झाली. चोवीस अजून बाकी आहेत. एक डाव द्या."

"महालक्ष्म्या बसाले चार दिवस राह्यले. तवरोक बंदूक वाजली तं तू ये. नाई वाजली तं मोताळ्याच्या कासाराले निरोप धाडते."

कडूबाला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. मोताळ्याचा कासार त्यानं पाहिला होता. त्या माणसाच्या हाती काच फुटायचा आणि तो बाईलाच म्हणायचा, हात ढिला सोडा.

दुसऱ्या दिवशी तो चोवीस काडतुसं समोर मांडून नुसता बसून राहिला. तेवढ्यात निंदणीला जाणारी शालूबाई सणाच्या बांगड्या भरायला आली. तिचं मनगट बारीक, पण खुरपं धरून धरून अंगठ्याचं मूळ गाठीसारखं झालेलं. कडूबाचं लक्ष नव्हतं. त्यानं बांगडी चढवली, ती अंगठ्यापाशी अडली.

"मोठी द्या भाऊ," शालूबाई म्हणाली.

"मोठी काह्याले?" गोजरबाई दारातून म्हणाली. "मनगट तं काडीसारखं आहे तुयं. मोठी घालशीन तं निंदताना गळून पडीन. अडते ते गाठीपाशीच. तेवढी गाठ पार झाली का झालं."

कडूबानं सवयीनं शालूबाईचा अंगठा तळहातात मुडपला, गाठ हलकेच दाबली. बांगडी सरकन पार झाली आणि मनगटावर खुळखुळली. पण कडूबानं शालूबाईचा हात सोडलाच नाही. तसाच धरून तो समोरच्या काडतुसांकडे पाहत राहिला.

"भाऊ, हात सोडा, निंदाले जायचं आहे," शालूबाई म्हणाली. गोजरबाई पदर तोंडाला लावून हसली.

कडूबानं काडतूस उन्हात धरलं. टोपीच्या घराच्या तोंडाशी पितळ गोल दाबून आत वळवलेलं होतं. टोपी धक्क्यानं निसटू नये म्हणून फौजेच्या कारखान्यानं तसं केलं असणार. ओठ मिटावेत तसं दिसत होतं. आतलं घर बरोबर मापाचं होतं. अडत होती ती फक्त तोंडाशी. आणि त्यानं शहाण्यानं सहा घरं भिंतीपासून खणून काढली होती.

"गोजरे," तो म्हणाला, "गाठच आहे वं."

"मंग मी काय म्हनलं?"

त्यानं मोडकी तीनधारी कानस काढली, दगडावर घासून तिचे दाते घालवले, तिन्ही कडा धारदार केल्या, टोक निमुळतं केलं, वर बाभळीची मूठ बसवली. लाकडी ठोकळ्याच्या भोकात काडतूस उभं केलं, आणि त्याच्या मिटल्या ओठांवर ती कानस टेकवून हलक्या हातानं फिरवली. एक फेरा, पितळेचा केसासारखा किस निघाला. दुसरा फेरा, दाबलेल्या कडेचा काळा वळसा उजळला. तिसऱ्या फेऱ्याला तिथं सोनेरी रेघ उरली आणि कडूबा थांबला. माप पाहायला त्यानं हिंमतरावांकडून आधीच उडालेली एक टोपी आणली होती. ती बोटानं दाबली. थोडी अडली, मग आत गेली. काडतूस उलटं करून हलवलं. पडली नाही.

"बसली," कडूबा म्हणाला. बाईच्या हाताला बांगडी बरोबर बसली की तो हाच शब्द याच आवाजात म्हणायचा.

पण या खेपेला त्यानं एकच काडतूस केलं आणि हिंमतरावांकडे नेलं. त्यांनी नवी टोपी बसवून पाहिली, मान हलवली. तेव्हा कुठे बाकीची तेवीस त्यानं दोन दिवसांत केली. प्रत्येकाला तीन फेरे, चौथा नाही.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी हिंमतराव वावराकडे गेले. कडूबाला जायचा धीर झाला नाही. तो धुतलेलं धोतर नेसून, हिरव्या बांगड्यांची माळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. सूर्य कासराभर वर आला. पेठेतून जाणारा येणारा त्याच्या धोतराकडे पाहून हसत होता.

"मोताळ्याले जाऊन राह्यला का बे?" कोणीतरी विचारलं. कडूबानं मांडीवरची माळ सरळ केली.

आणि मग जंगलाच्या कडेनं धाडकन बार झाला. पेठेतली कबुतरं उडाली. कडूबा ओट्यावरून उठला नाही. एक बार चुकूनही होतो. जरा वेळानं दुसरा झाला, तसाच भरदार.

"बसली," आतून गोजरबाई म्हणाली.

कळप नाला ओलांडून पार डोंगरात गेला, हे नंतर कळलं. डुकराला छर्राही लागला नव्हता, हिंमतरावांनी दोन्ही बार हवेतच काढले होते. पण ते दांडगं डुक्कर सगळ्यांच्या पुढे पळत होतं, असं पाहणारे सांगत होते.

दुपारी मनकर्णाबाईनं स्वतः बोलावणं धाडलं. कडूबा आखाड्यातल्या मल्लासारखा चालत गेला. महालक्ष्म्या सजून उभ्या होत्या. ज्येष्ठेच्या हातात बांगड्या भरल्या. कनिष्ठेच्या पितळी हाताला मात्र बांगडी अंगठ्यापाशी अडली. कडूबानं वाकून पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप कमरेला खोचलेल्या तीनधारी कानशीकडे गेला.

"देवीले कानस लावशीन तं हात तोडीन बे तुया," मनकर्णाबाई म्हणाली.

कडूबानं हात मागे घेतला. बांगडी जराशी तिरकी धरली, पितळी अंगठ्यावरून हळूच वळवली. ती पार झाली.

"नाई मायबाई," तो म्हणाला, "कानस फक्त फौजेच्या मालाले."