गोळी घेतली असल्यास एक दाबा

आमच्या ऑफिसात रिपोर्ट फाइलमध्ये जातात आणि किस्से माझ्याकडे साठतात, कारण रिपोर्टमध्ये सगळं छानच चाललेलं असतं. मला पहिली शंका आली ती त्या छानपणाचीच.

बीपीच्या गोळीची आठवण करून देणारी आमची फोनसेवा सुरू होऊन महिना झाला, आणि स्क्रीनवर सगळे पेशंट हिरवे. हिरवा म्हणजे गोळी घेतली. लाल एकही नाही. आमच्या घरची चार माणसं एका वेळी जेवायला बसत नाहीत, आणि जळगाव-धुळ्याचे झाडून सगळे आठच्या ठोक्याला गोळी घेतात? मी सरांना जाऊन हेच विचारलं.

सर म्हणाले, "चांगलं झालं की तुला ताप येतो."

सेवा सोपी आहे. सकाळी आठला फोन वाजतो. "नमस्कार. आज गोळी घेतली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन." आवाज माझा, रेकॉर्ड केलेला. सरांचा आवाज लावला तर लोक घाबरून दोन्ही दाबतील, असं शबानाचं म्हणणं पडलं. शबाना भुसावळहून रोज अपडाऊन करते आणि आमच्या ॲपची चित्रं काढते.

शेवटी आम्ही दोघी पहूरला गेलो. तिथल्या एका अक्कांना विचारलं, "अक्का, गोळी रोज घेता ना?"

त्यांनी डब्यातून अख्खं पाकीट काढलं. एकही गोळी फुटलेली नव्हती.

"मग एक का दाबता?"

"तू येवढी गोडीनं इचारते. सकाळी सकाळी पोरीले नाही कसं म्हनू?"

शेजारचे आबा तर एकही दाबत नव्हते. त्यांचा फोन केळीच्या मळ्यात, मोटरच्या खोलीत टांगलेला. रेंज तिथेच येते. आठ वाजता जो पाणी सोडायला येईल तो एक दाबतो आणि कामाला लागतो. म्हणजे आबा सोडून अख्ख्या शिवाराने आबांची गोळी घेतली होती.

त्याच दिवशी शबानाने टॅबवर आपण काढलेले पाच चेहरे दाखवले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आज कसं वाटतंय, त्यावर बोट ठेवायचं. अक्का गुडघे धरून बसल्या होत्या. बोट ठेवलं हसऱ्यावर.

"अक्का, दुखतंय ना?"

"दुखतं तं. पन पाव्हने आले असता रडकं तोंड कोन दाखवतं?"

आबांनी मात्र रडका दाबला. शबाना घाबरली. "आबा, काय होतंय?"

"मले काय होतंय? सगळे त्या हसऱ्यालेच दाबता. ह्या बिचाऱ्याले कोनी इचारतच नव्हतं."

हे सगळं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग तिसरं बटण देऊ. खरं सांगायचं असल्यास तीन दाबा."

सगळ्यांत खरे निघाले धुळ्याकडचे नाना. एकटेच राहतात. शबाना तपासायला गेली तर त्यांची सगळी पाकिटं नेमाने रिकामी. ते तिला अहिराणीत म्हणाले, "ती पोर रोज सकायले इचारस. गोयी लिधाबिगर एक कसा दाबू?" गोळी घेतल्याशिवाय एक दाबणं त्यांना खोटेपणाचं वाटत होतं.

आणि नेमकं नानांचंच रक्त तपासून डॉक्टरांनी कळवलं, ही गोळी त्यांच्या किडनीला झेपत नाही, उद्या सकाळपासून बंद. संध्याकाळचे पाच वाजलेले. रोज सकाळचा फोन जातो त्याच ऑफिसच्या नंबरवरून मी लगेच फोन लावला.

"नमस्कार नाना, मी..."

टुक. नानांनी एक दाबलं आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. "नमस्कार नाना, ऐका ना..."

टुक.

शबानाने आपल्या फोनवरून लावून पाहिला, पण अनोळखी नंबर नाना उचलतच नाहीत. माझा उचलतात, आवाज ऐकतात, एक दाबतात. आठ वेळा झालं. उद्या आठला मीच त्यांना गोळी घ्यायला लावणार होते.

"तू मशीनसारखं बोलू नकोस ना," शबाना म्हणाली.

"मी मशीनसारखी बोलत नाही गं, मशीन माझ्यासारखं बोलतं."

नवव्यांदा फोन लावला. पलीकडून उचलला गेला. मी श्वास घेतला, आणि ट्यूबलाइटवरची पाल सरळ माझ्या मनगटावर पडली.

"आई गं!" मी किंचाळले. फोन टेबलाखाली.

सरपटत जाऊन उचलला. या वेळी टुक झालं नव्हतं. पलीकडे नाना होते, घाबरलेले.

"काय जयं वं बेटी? आज तू गोयी लिधी नही का?"