सक्सेना मॅडमचं घर साडेतीन फूट वर

“मॅडम, पीछे वाला कोना नहीं उठ रहा.”

धरमपालने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मला आधी कळलंच नाही. मी घराच्या पुढच्या बाजूला होते आणि आनंदात होते. सकाळपासून सहा शिट्ट्या झाल्या होत्या. पुढची भिंत पाऊण इंच वर आली होती. अख्खं दुमजली घर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसकट, माझ्या डोळ्यांसमोर वर येत होतं. पंचवीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून काम करतेय, पण घर वर जाताना पहिल्यांदाच पाहत होते.

मी मागे धावले. डाव्या कोपऱ्यावरची खडूची खूण जिथल्या तिथे होती. तिच्या वर, भिंतीत, पायऱ्यापायऱ्यांची एक बारीक भेग उमटली होती.

“सगळे थांबा,” मी म्हटलं. धरमपालने लांब शिट्टी वाजवली.

हे घर उत्तरेकडच्या आमच्या शहरात, जानकीपुरममधल्या एका गल्लीत आहे. मालकीण सक्सेना मॅडम, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. त्यांनी घर बांधलं तेव्हा गल्लीत सगळी एकमजली घरं होती आणि घरात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या. मग दर काही वर्षांनी रस्ता नवा होत गेला. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच नवा टाकला जायचा. एकेक पायरी रस्त्यात गेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या दारात दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. पावसाळ्यात गल्लीचं पाणी थेट बैठकीत. शेजारच्यांनी जुनी घरं पाडून तीन-तीन मजले चढवले, खाली पार्किंग, वर पीजी. कोपऱ्यावरच्या घराचं मोबाइलचं दुकान झालं, त्याच्यासमोर ई-रिक्षांची रांग. त्या सगळ्यांमध्ये मॅडमचं घर खड्ड्यात बसल्यासारखं दिसायचं.

आमच्या ऑफिसचे सर, त्रिपाठीजी, यांचा सल्ला सरळ होता. “तोड़कर नया बना लीजिए.”

“घर में क्या ख़राबी है?” मॅडमनी विचारलं.

घरात काहीच खराबी नव्हती. मी स्वतः तपासलं होतं. नऊ इंची विटांच्या भिंती, जोत्याच्या वर काँक्रीटची पट्टी, स्लॅब ठणठणीत. घर चांगलं होतं, रस्ता वर गेला होता. मग घरही वर न्यायचं. जॅक लावून घरं उचलणाऱ्या टोळ्या हरियाणातून येतात हे मला माहीत होतं. मी धरमपालला शोधून काढलं, आठवडाभर आकडेमोड केली आणि सरांसमोर ठेवली.

“सही आपकी होगी,” सर म्हणाले.

“हो, माझीच,” मी म्हटलं. उत्साहात मराठीतच बोलून गेले. त्यांना अर्थ कळला.

रीत सांगते, सोपी आहे. गाडीचं चाक बदलताना लावतो तसाच स्क्रूचा जॅक, फक्त दणकट. भिंतींच्या तळाशी खणायचं. काँक्रीटच्या पट्टीखालच्या विटा थोड्या थोड्या काढून त्या जागी लोखंडी चॅनल आणि जॅक बसवायचा. असे एकशे चाळीस. शेवटी घर जुन्या पायापासून सुटं होतं आणि जॅकवर उभं राहतं. शिट्टी झाली, की प्रत्येक कामगाराने आपल्या वाट्याचे जॅक ओळीने पाव फेरा फिरवायचे. कमी नाही, जास्त नाही. घर समान वर येतंय का, हे पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळी कितीही लांब असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. त्या पातळीवरून प्रत्येक कोपरा ताडून बघायचा. एक कोपरा मागे राहिला, की भिंत फाटते.

आमचा मागचा डावा कोपरा तसाच मागे राहिला होता.

पहिलं काम म्हणजे बाकीचं घर तेवढंच खाली घेणं. अर्धा तास उलट्या फेऱ्या झाल्या. भेग मिटत आली. मी तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. भेग केसभर जरी पुन्हा उघडली, तरी काच तडकते आणि कळतं.

मग कारण शोधायला बसलो. मला वाटलं, त्या कोपऱ्याखालची जमीन दबत असेल. धरमपाल पोटावर झोपून आत गेला, टॉर्च मारून बाहेर आला. “ज़मीन पत्थर है मॅडम. ऊपर से किसी ने पकड़ रखा है.”

वरून कोण धरणार? मी भिंतीकडे पाहिलं. तिला अगदी चिकटून शेजारच्या अनिल वर्माचं नवं तीनमजली घर होतं. मध्ये बोट जायला जागा नव्हती.

मी त्याची बेल वाजवली. चाळिशीचा माणूस, दारातच उभा राहिला.

“भाईसाहब, त्या बाजूची भिंत आतून पाहायची आहे. पाच मिनिटं लागतील,” मी हिंदीत म्हटलं.

“मेरे घर से आपका क्या मतलब?” दार बंद झालं.

मॅडम समोरच्या घराच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. काम चालू असताना घरात राहायचं नाही, अशी माझी अट होती. मांडीवर रजिस्टर, त्यात प्रत्येक शिट्टीनंतरचं प्रत्येक कोपऱ्याचं माप त्या स्वतः लिहीत होत्या. मला म्हणाल्या, “दो साल से बोलचाल बंद है. उसका मकान बन रहा था तो मैंने शिकायत की थी. काम चार महीने रुका रहा.”

इतक्यात सरांचा फोन; कोपरा अडकल्याची बातमी पोहोचली होती. “ईंटें वापस लगवाइए. जहाँ है, वहीं छोड़ दीजिए.”

म्हणजे घर पुन्हा जुन्याच पायावर, खड्ड्यात. मे संपत आला होता. गल्लीत चाळीसेक माणसं उभी होती, काही जण गच्चीवरून मोबाइल धरून. तरी खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हुरूप जास्त होता. घर पाऊण इंच उचललं गेलं होतं. म्हणजे ते उचललं जातं. अडवणारी गोष्ट एकच होती आणि ती भिंतीच्या पलीकडे होती.

“सर, दोन तास द्या,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी पुन्हा बेल वाजवली. या वेळी दार उघडताच विचारलं, “तुमचा जिना कुठल्या बाजूला आहे?”

त्याची नजर आत, मॅडमच्या भिंतीच्या बाजूला गेली. मला उत्तर मिळालं.

“मी तक्रार करायला आलेली नाही,” मी म्हटलं. “आज सकाळी आमची भिंत वर जात होती. तुमच्या जिन्याचं काही तिच्यात अडकलं असेल, तर तेही ताणलं गेलंय. त्यावरून तुम्ही रोज वर-खाली करता.”

तो बाजूला झाला. आत, जिन्याच्या वळणावरच्या सपाट लादीखाली, ज्याला आम्ही लँडिंग म्हणतो, ताजी भेग होती. लँडिंगला स्वतःचा आधारच नव्हता. त्याच्या मिस्त्रीने मॅडमच्या भिंतीत भोकं पाडून सळया घातल्या होत्या आणि लँडिंग सरळ तिच्यावर टेकवलं होतं. त्यात अनिलचा एका भिंतीचा खर्च वाचला होता.

“मिस्त्री ने बाद में बताया,” अनिल खाली बघत म्हणाला.

मागे पावलं वाजली. मॅडम रजिस्टर घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून त्या सळयांकडे पाहिलं.

“मुझे बता देते,” त्या म्हणाल्या.

“बताता तो आप फिर काम रुकवा देतीं.”

मॅडमनी चष्मा खाली केला. “हाँ,” त्या म्हणाल्या, “रुकवा देती.”

मला हसू आलं, अनिललाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “अब क्या करना है, वो बताइए.”

करायचं ते फार नव्हतं. धरमपालने लँडिंगखाली लोखंडी टेकू उभे केले, त्यांना आम्ही प्रॉप म्हणतो. लँडिंगचं ओझं प्रॉपवर आल्याची खात्री केल्यावर ग्राइंडरने सळया कापल्या, एकूण पाच. ठिणग्या जिनाभर उडाल्या. प्रॉपच्या जागी विटांचा पक्का खांब बांधायचा, हे अनिलने माझ्याकडून कागदावर काढून घेतलं.

साडेचारला सगळे आपापल्या जॅकपाशी बसले. मी मागच्या कोपऱ्यात काचेच्या पट्टीसमोर उभी राहिले. शिट्टी झाली. लोखंड करकरलं. पट्टी शाबूत. दुसरी शिट्टी, तिसरी. खडूची खूण हलली, आणि मी लहान मुलीसारखी ओरडले, “उठला, उठला!” कुणाला मराठी येत नव्हतं, पण गच्चीवरून टाळ्या पडल्या. पाण्याच्या नळीने ताडून पाहिलं, चारही कोपरे सारखे.

संध्याकाळी घरी हे सगळं सांगताना मी चहा घ्यायची विसरले. माझी मुलगी म्हणाली, “मम्मा, आप तो ऐसे बता रही हो जैसे रॉकेट उड़ाया हो.” मला तसंच वाटत होतं.

पुढचे तीन आठवडे घर रोज थोडं थोडं वर जात राहिलं, खाली नव्या विटा चढत राहिल्या. तीन फुटांचा करार होता. मॅडमनी रस्त्याच्या आजवरच्या थरांचा हिशोब मांडला आणि आणखी सहा इंच मागून घेतले. त्या पावसात गल्लीत गुडघाभर पाणी भरलं, मॅडमच्या बैठकीत थेंबही आला नाही. अनिलशी त्यांची मैत्री झाली असं नाही. बोलणं सुरू झालं, तेही बहुतेक पाण्याच्या पाइपावरून.

त्यानंतर मी आणखी अकरा घरं उचलली. माझं ड्रॉइंग त्या घरापुरतं बरोबर होतं, फक्त त्यात शेजारी काढलेला नव्हता. आता जमीन तपासायच्या आधी मी दोन्ही बाजूंच्या घरी जाते, चहा घेते आणि जिना कुठे आहे ते विचारते.