रिकामं भांडं परत देत नाहीत

मी वर्गात शिरले की पोरंपोरी वह्या उघडून व्याख्या लिहायला बसतात. आपत्ती म्हणजे काय, लाभार्थी म्हणजे काय. मी पहिल्याच दिवशी सांगते, वह्या मिटा, व्याख्या कुठं पळून जात नाहीत. बुलढाण्याच्या या कॉलेजात मी मदतकार्याचं धोरण शिकवते. पुरात, भूकंपात, लढाईत घरदार गेलेल्या माणसांना काय द्यायचं, कसं द्यायचं, आणि ते ठरवायचं कुणी, एवढाच विषय. गेल्या वर्षी वडनेर भोलजीच्या एका पोरीनं विचारलं, "म्याडम, तुम्ही एवढ्या देशोदेशी फिरल्या, अन् आम्हाले नेहमी आपल्याच जिल्ह्यातलं ते गाव काऊन सांगता?" मी म्हटलं, "बस खाली, सांगते." मी तापट आहे हे अख्ख्या कॉलेजाला माहीत आहे. त्या गावाचा विषय निघाला की माझा आवाज खाली येतो, हेही पोरांनी हेरलंय.

मी याच जिल्ह्यातल्या उंद्रीकडची. घरच्यांना वाटायचं, पोरगी मास्तरीण होईल. झालेही, पण केवढा वळसा घालून. आधी निर्वासितांच्या छावण्यांवर राबले. तंबू, पाणी, धान्य, संडासाचे खड्डे. वाळवंटातल्या छावण्या पाहिल्या, बर्फातल्या पाहिल्या. मग दिल्लीच्या ऑफिसात बसून नियम लिहिले. नियम लिहिणाऱ्याला रांग फार आवडते. रांग असली की धक्काबुक्की होत नाही, म्हातारं माणूस तुडवलं जात नाही. मी रांगेवर विश्वास ठेवणारी बाई आहे आणि आजही ठेवते.

मी दिल्लीत असताना एका वर्षी जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्यातून पाणी उतरलं आणि नदीकाठची एक वस्ती धुऊन नेली. माणसं वाचली, कारण उंचावरच्या गावातल्या लोकांनी दोर टाकून त्यांना ओढून घेतलं. घरं, ढोरं, भांडीकुंडी सगळं गेलं. वस्तीतली माणसं त्याच गावच्या शाळेत राहिली. ऑफिसानं मला पाठवलं, तुम्ही तिकडच्याच ना, भाषा येते ना, म्हणाले. मी बॅग भरून निघाले.

शाळेच्या ओट्यावर पहिली भेटली ती मोठीमाय. वस्तीतले लहानथोर तिला याच नावानं हाक मारायचे. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, होत्या त्या म्हशी पाण्यात गेल्या. तिनं ना तंबूचं विचारलं ना धान्याचं. एवढंच म्हणाली, "आता कोनाचं दार हाय मले, बाई?" मी माझ्या सवयीनं तिला पत्र्याच्या शेडची माहिती दिली. तालुक्याच्या रस्त्यावर शेड उभी राहत होती, तिथं या सगळ्यांना हलवायचं होतं. तिनं माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

गाव त्यांना जेवू घालत होतं. गावातल्या बाया घरून बेसन-भाकर, वरण, भात घेऊन यायच्या. कुणी गंजात, कुणी डब्यात, कुणी परातीत. कुणबी, माळी, तेली, पिंजारी, सगळ्या घरची भांडी शाळेत आलेली, प्रत्येकावर घरच्या माणसाचं नाव कोरलेलं. माझा ऊर भरून आला. पण मग जेवण उशिरा येऊ लागलं. सकाळचं दुपारी, दुपारचं दिवस कलल्यावर. भाकरी फडक्यात बांधून येऊ लागल्या, वरण येईना. लेकरं भुकेनं रडायला लागली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, आला कंटाळा गावाला. नव्याचे नऊ दिवस.

तणतणत मी गावात गेले आणि पहिल्या घरात शिरले. तिथली बाई चाळिशीची, शाळेत सगळ्यात जास्त डबे हिनंच आणलेले. चुलीवर एकच कढई. तिनं त्यात वरण शिजवलं, ते कळशीत ओतलं, कढई घासली, आणि मग त्याच कढईत भात टाकला. मी बघतच राहिले.

"भांडी कुठं गेली तुमची?"

"शाळेत हायेत ना."

"मग मागून आणा की!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला शिवी दिली. "दिलेलं भांडं वापस मांगाचं? पाव्हने हायेत ते. काय म्हनतीन?"

सगळ्या गावाची तीच गत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरात भांडं नाही म्हणून स्वयंपाक रखडतोय, आणि सांगायचं कुणाला? मी शाळेत परत आले. मागच्या खोलीत भांडी रचून ठेवलेली होती. घासूनपुसून लख्ख, माती कुठं नाही. मोठीमाय त्यांच्याशेजारी बसलेली.

"अवं मोठीमाय, ही परत का नाही केली? तिकडं त्यांची चूल अडलीय."

ती खाली बघत म्हणाली, "मले काय समजत नाई? पन रिकामं भांडं कसं देऊ, बाई? हातात काय हाय माह्या?"

मी त्याच मातीतली. आमच्या घरीही शेजारणीची वाटी कधी रिकामी गेली नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर टाकायची. तरी मला ते सुचलं नव्हतं. एक गाव मागायला लाजत होतं, दुसरं द्यायला लाजत होतं, आणि त्या दोघांच्या अदबीपायी लेकरं उपाशी राहत होती. मला हसू आलं, रडूही आलं. सगळं वाहून गेलेल्या माणसाला अजून ही लाज होती, याचं मला इतकं नवल वाटलं की मी तिथंच तिच्याजवळ फतकल मारून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या आल्या. तहसीलमधून निरोप होता की आज शेड घेतली नाहीत, तर ती दुसऱ्या वस्तीला जातील. सामान चढवायला सामान नव्हतंच, माणसंच चढायची होती. मोठीमाय उठेना. आणि ती उठेना म्हणून वस्तीतलं एकही माणूस उठेना.

"भांडी राहू द्या, गाववाले नेतील," गाड्यांबरोबर आलेले अधिकारी म्हणाले.

"रिकामी?" ती म्हणाली. "मंग त या गावात परत याचं तोंडच राह्यलं नाई आमाले."

गाडीतच मदतीच्या धान्याची पोती होती, पण ती शेडवर पोचल्यावर वाटायची होती. मी म्हटलं, इथंच उघडा. अधिकारी म्हणाले, "म्याडम, हे पूरग्रस्तांचं आहे. या लोकांनी ते गावाला वाटलं तर उद्या जबाब मला द्यावा लागेल." ते खोटं बोलत नव्हते. मदतीचं तेल बाजारात विकलेलं मीही पाहिलंय, म्हणून तर तो नियम होता. पण माझं तोंड आवरत नाही. "त्या बाईला दिलं की ते तिचं झालं," मी म्हटलं. "मग तिनं खावं, दळावं, नाहीतर शेजारणीला द्यावं. आपण कोण विचारणारे? काय व्हायचं ते माझ्या नावावर होऊ द्या." पोती उघडली.

मी आयुष्यात पुष्कळ वाटप पाहिलंय, पण घेणारी माणसं इतकी ताठ मानेनं उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. बायांनी भांडी गहू-तांदळानं भरली, डोक्यावर घेतली, आणि नावं वाचून घेत घेत एकेका दाराकडं निघाल्या. दारादारांत गावच्या बाया उभ्या. मी रस्त्यात उभी राहून नुसती बघत होते. 

पुढं दिल्लीत मी नियमांमध्ये एक वाक्य घालायला निघाले की मिळालेली मदत आसरा देणाऱ्या घराला दिली तर तो गैरवापर धरू नये. भांड्यांची गोष्ट ऐकून मीटिंगमध्ये सगळे भारावले, चहा प्याले आणि वाक्य बाजूला ठेवलं. मी भांडले, पुन्हा भांडले, आणि शेवटी वैतागून इकडं शिकवायला आले. हे वाक्य पुढं कुणीतरी लिहील, पण त्याला ते आधी कळलेलं तर पाहिजे. वर्गात मी त्याच्याचसाठी घसा फोडते.

त्या सकाळी मोठीमाय सगळ्यात शेवटी गेली, त्या चाळिशीच्या बाईच्या दारी. मी मागोमाग होते. तिनं गव्हानं भरलेला गंज पुढं केला. त्या बाईनं नको-नको केलं नाही, दोन्ही हातांनी घेतला, आत जाऊन कणगीत रिता केला आणि बाहेर आली. बाहेर आली तेव्हा गंज तिच्या हातातच होता, आणि तळाशी गुळाचा खडा.

"हा घेऊन जाय," ती म्हणाली.

मोठीमायला समजेना. "अवं, तुहा हाय ना तो. नाव हाय त्याच्यावर."

"म्हनूनच त नेयाचा. माह्या घरचं भांडं हाय, परत आनून द्याले यावं लागन तुले."

 मोठीमायनं गंज छातीशी धरला आणि गाडीत जाऊन बसली. बाकीचेही चढले. शेजारच्या बाईनं तिला म्हटलं की आण तो इकडं, खाली ठेवते, मांडीवर काऊन घेऊन बसली. मोठीमाय म्हणाली, "राहू दे. मले परत याचं हाय."