लाईटवाले काकाजी

वायर दाखवली की काकाजी आधी ती दोन बोटांत धरून मागंपुढं वाकवत आणि मान हलवून म्हणत, "हे घंटीची वायर हाये. मले घंटी नाई वाजवाची. मागच्याले दिसलं पायजे."

देवळीच्या बसस्टँडजवळ माझं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलं होतं, गावोगावी ट्रॅक्टर येऊ लागले होते. ट्रॅक्टरला पुढं दिवे असत, कारण ते कंपनीच लावून देई. मागच्या ट्रॉलीला दिवा हवा, हे मात्र कुणाच्या डोक्यात नसे. ट्रॉलीवर देवाचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं, गुलाबाची फुलं, सगळं हौसेनं रंगवून घेत. दिव्याचं विचारलं की म्हणत, "मांगं काय पाहाचं हाये?" असे मालक तुम्हीही पाहिले असतील.

काकाजींना दिव्याचं वेड नाकामुळे लागलं. एकदा अंधार पडता पडता ते सायकलनं वर्ध्याहून परतत होते. रस्त्याच्या कडेला कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, भरलेली ट्रॉली उभी होती. हे सरळ तिच्यावर आदळले. नाक वाकडं झालं ते कायमचं. शिव्या देत उठून बघतात तर ट्रॉली त्यांचीच! चाक पंक्चर झालं म्हणून गडी ती तिथंच सोडून गेला होता. "दुसऱ्याची असती तं कोर्टात गेलो असतो," ते मला म्हणाले. "सोताच्या ट्रॉलीवर केस कशी करू?"

ट्रॉलीला दिवा लावायचं माझं एका दुपारचं काम त्यांनी आठवडाभर चालवलं. वायर जाड घेतली. चिखलानं आणि उंदरांनी ती खाऊ नये म्हणून रबरी नळीतून नेली. अर्थची वायर वेगळी टाक म्हणून अडून बसले. बाकीचे लोक ट्रॉली जोडायच्या हुकाच्या लोखंडावरच भागवत, आणि हूक हलला की दिवा डोळे मिचकावी. "अर्थ नाई तं काई अर्थ नाई," असं म्हणून काकाजी आपल्याच विनोदावर खूप वेळ हसले.

त्यांचा एक भाचा अमेरिकेत होता. तिकडं ट्रॉलीचे ब्रेकसुद्धा विजेवर लागतात, असं त्यानं सांगितलं होतं. पुढच्यानं पाय दाबला की मागची आपोआप थांबते.

"तसं बसवून देशीन काय?"

तसलं सामान आपल्याकडे मिळत नाही, असं मी सांगितलं.

"राहू दे. इथं पोट्टं नाई आयकत, ट्रॉली काय आयकन!"

काम संपलं. काकाजी ट्रॅक्टरवर चढले, ब्रेक दाबला, उडी मारून मागं धावले. लाल दिवा बंद. पुन्हा चढले, पुन्हा धावले. "फसवलं तू मले! मी पाहाले आलो का बुजते." मग मीच वर बसून ब्रेक दाबला. काकाजी मागं दिव्यासमोर उकिडवे बसून बघत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "अजून एकदा दाब बा."

गावानं त्यांना लाईटवाले काकाजी करून टाकलं. नवरदेवाची वरात निघाली की विचारत, "काकाजी, ट्रॉली आणता का? ग्यासबत्तीचा खर्च वाचन."

एकदा तपासणीचे कुणी साहेब रस्त्यात उभे होते. बिनदिव्याच्या ट्रॉल्या त्यांच्यासमोरून आरामात निघून गेल्या. काकाजींचा एक बल्ब गेलेला होता. त्यांना थांबवलं.

"दिवा बंद आहे."

"साहेब, त्याईले तं दिवेच नाई!"

"नाहीत ना? मग बंद कसे असतील?" साहेबांनी दंडाची पावती फाडली.

दिवे काढून टाका, असं सगळ्यांनी सुचवलं. काकाजींनी माझ्याकडून दोन्ही बाजूंना आणखी एकेक दिवा लावून घेतला, तोही ब्रेक न दाबता जळत राहणारा.

कापसाच्या मोसमात खरेदी केंद्राच्या फाटकापासून बैलबंड्या आणि ट्रॉल्यांची रांग मोठ्या सडकेवर यायची. शेवटी उभं राहणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी उभं राहणं. तिथं मात्र काकाजींचा मान एकदम वाढे. "काकाजी, तुमी मांगं राहा नं. तुमच्याजवळ लाईट हाये." काकाजी कुरकुरत मागं जात. नवी बंडी आली की तिलाही पुढं घेत. सकाळी आलेले काकाजी संध्याकाळी आलेल्याच्या मागं असत. लोक त्यांना देवमाणूस म्हणत आणि पुढं सरकत.

एका संध्याकाळी त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी बघायला मी तिथं गेलो होतो. सडकेवर धुळीनं काही दिसत नव्हतं. त्यांच्या पुढच्याच बंडीत कापसावर एक बाई दोन लेकरांना घेऊन झोपली होती. मागून ट्रक भरधाव आला. ब्रेकचा असा आवाज झाला की बैल उधळायला लागले. ट्रक ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरला आणि सडकेवरच बसला.

काकाजींनी त्याला आपल्या कळशीतलं पाणी दिलं. "दिसलं नं तुले?"

"लाल बत्ती दिखी, चाचा."

"बस. पाणी पे."

तेवढ्यात फाटक उघडल्याची आरोळी आली आणि सगळी रांग धडपडत पुढं धावली. सडकेवर काकाजी, तो ड्रायव्हर आणि मी, एवढेच उरलो. त्या दिवशीही काकाजींचा कापूस मोजला गेला नाही. ते बंडीतल्या बाईच्या लेकराची पडलेली टोपी घेऊन पुढं चालत गेले.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास काकाजी झोपेतच गेले. मुलानं ट्रॉली विकली.

त्या मोसमात शेवटी उभं राहायला कुणी तयार होईना. "काऊन मीच?" असं म्हणत जो तो पुढं घुसू लागला. बंड्या बंड्यांत अडकल्या, ट्रॉल्या आडव्या झाल्या, फाटक उघडायलाही जागा उरली नाही. चौकीदार कठड्यावर चढला, सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आणि वैतागून ओरडला, "अरे, थे लाईटवाले काकाजी कुठी हायेत? त्याईले बलवा, मांगं उभे करा!"