आमच्या घरची खिरापत

आमचं घर जेसल पार्क या नव्या वसाहतीच्या अलीकडे, जुन्या गावात. समोरच्या शेतात आमचं भात पिकायचं. ते शेत आजोबांनी विकलं आणि तिथे चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांत गिरगाव-दादरकडची मराठी कुटुंबं राहायला आली. त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या. आम्ही त्यांना ‘बिल्डिंगवाले’ म्हणायचो, ते आम्हाला ‘गाववाले’. बिल्डिंगवाले चहा विचारतात तो समोरच्याने ‘नको’ म्हणावं म्हणूनच, असं माझ्या आजीचं ठाम मत होतं. म्हणजे शिक्के मारण्यात आम्हीही काही मागे नव्हतो. फरक एवढाच, की आमचा शिक्का त्यांना लागायचा नाही आणि त्यांचा आम्हाला लागायचा.

नवरात्रात त्या मुली भोंडला खेळायच्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. कुणीतरी ओळखेपर्यंत किंवा सगळ्या हरेपर्यंत डब्याचं झाकण उघडायचं नाही. आमच्या गावात ही पद्धत नव्हती. आठवीत असताना मला पहिल्यांदा बोलावलं आणि मी अगदी हरखून गेले. कुठल्याही घरी गेलं तरी पहिली हाक ठरलेली असायची, “वाटली डाळ!” मग लाडू, चिवडा, शंकरपाळे. रोज घरी येऊन मी आईला सगळं रंगवून सांगायचे. वाटली डाळ मला फार आवडली, ती कशी लागते, वर काय काय घातलेलं असतं, हेही सांगायचे. आई भाकऱ्या थापत ऐकायची.

नववीच्या वर्षी आईच म्हणाली, “यंदा आपल्याकडं बोलव गो त्यांना.”

लग्न होऊन आल्यापासून आई शेतात राबली होती. शेत गेलं आणि दिवसभर हातांचं करायचं काय, हे तिला कळेना. समोरच्या बायका नटूनथटून एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायच्या, ते ती ओट्यावरून बघत बसायची. तिला त्या बायकांमध्ये जायचं होतं. तसं ती कधी बोलली नाही, पण मला दिसायचं. आज मुली आल्या तर उद्या त्यांच्या आयाही येतील, असं तिच्या मनात होतं. माझ्या मनातही तेच होतं.

आमच्याकडे घट बसले की मासळी बंद. तिची भांडीसुद्धा आई घासूनपुसून, फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची. स्वतः नऊ दिवस उपवास करायची. भोंडल्याच्या दिवशी तिने सगळं घर धुऊन काढलं. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. “चोरून करायची असते ना खिरापत? मंग तू भाएर बस,” म्हणाली. तिला इतकं खुशीत मी शेत गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मुली आल्या. फेर छान रंगला. शेजारच्या दोन म्हाताऱ्या दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. मग आई डबा पदराखाली धरून स्वयंपाकघराच्या दारात आली, आणि ओळखायला सुरुवात झाली.

“बोंबील,” एक म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. खेळात वाटेल ते म्हणायचंच असतं.

“सुकट.”

“जवळा.”

“अगं, कोलंबीचं लोणचं असेल.”

आता थांबतील, मग थांबतील असं मला वाटत होतं. आता कुणीतरी लाडू म्हणेल. पण प्रत्येकीला नवी मासळी सुचत होती आणि प्रत्येक नावाला हशा पिकत होता. त्यांतली एक माझ्याच बाकावर बसायची. तिने ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, “खरंच वास येतोय गं.” हे ती थट्टेत म्हणाली नाही. तिला खरोखरच वास येत होता.

आईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “वलखलंत गो पोरींनो. बोंबीलच हायत. जा आता घरी, आया वाट बघत असतील.”

मुली चपला शोधून भराभर बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील नसतील, तेवढ्यात त्यांच्या हसण्याचा आवाज आला.

मी आईच्या हातून डबा ओढून घेतला आणि उघडला. वाटली डाळ होती. वर खोवलेलं खोबरं, कोथिंबीर, मोहरीची फोडणी. आमच्या घरात ती आजवर कधी झाली नव्हती. माझ्या सांगण्यावरून, अंदाजाने, पाट्यावर वाटून तिने ती केली होती. इतर कुणाच्याही घरी जी पहिल्याच दमात ओळखली असती, तिचं नाव आमच्या घरी कुणाच्या तोंडीसुद्धा आलं नाही.

मी डबा घेऊन त्यांच्यामागे पळणार होते. आईने माझं मनगट धरलं. “नको. दाखवाया न्हाय केली मी,” म्हणाली. उपवासामुळे तिने चव घेतलेली नव्हती, मीठ जरा जास्तच झालं होतं. मी रडत रडत खाल्ली. ती समोर बसून बघत होती. “बरी झालीय का?” तिने विचारलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी शाळेत माझ्या आधी पोचली होती. नवरात्रात बोंबलाची खिरापत! मी बाकावरच्या मैत्रिणीला शपथेवर सांगितलं, वाटली डाळ होती. ती म्हणाली, “पण तुझ्या आईनेच सांगितलं ना?” त्या दिवसापासून ती डबा खाताना माझ्याकडे पाठ करून बसायला लागली. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त आईचा आला. एकदा झाकण उघडलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, असं मला वाटत राहिलं. आपली जात, आपलं घर, आपला वास दर वेळी झाकण उघडून दाखवायला का लागावा, हे आईला तेव्हाच कळलं होतं; मला कळायला कॉलेजची वर्षं जावी लागली.

पुढच्या वर्षी मला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी आईने विचारलं, “आज कुणाकडं हाय गो?”

“यंदा नाहीच. दहावी आहे ना सगळ्यांची,” मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले.

थोड्या वेळाने समोरच्या गच्चीवरून गाणी ऐकू यायला लागली. सगळे आवाज ओळखीचे होते. आई उठली, खिडकी लावून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मीच उघडाया पायजे व्हता गो डबा,” ती म्हणाली. “माज्यामुलं तुज्या मैतरणी गेल्या.”

मी ‘नाही’ म्हणाले. पण वर्षभर मीही तेच म्हणत आले होते, मनातल्या मनात, आणि ते तिला केव्हाच कळलं होतं.